डेटाचं बिऱ्हाड

आमच्या धंद्यात 'मायग्रेशन' हा शब्द ज्या सहजतेने उच्चारला जातो, तितक्या सहजतेने लोक कटिंग चहासुद्धा सांगत नाहीत. "ओरॅकलचं लायसन्स मार्चमध्ये संपतंय, तोपर्यंत पोस्टग्रेसवर जाऊ." झालं. एक एक्सेल शीट बनते, त्यात टेबलांची संख्या, डेटाचा आकार, एक टूल, चार माणसं आणि शेवटच्या ओळीत एक शनिवार-रविवार. ती चार माणसं बहुधा कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली असतात, कारण "त्यात काय, इकडचं तिकडे तर टाकायचंय!"

मला या वाक्याचा मनापासून राग येतो. म्हणून आजचा विकेंड त्याच्यावर खर्च करतोय.

रिलेशनल डेटाबेस एकमेकांसारखे दिसतात ही खरी गोची आहे. कॉडसाहेबांनी १९७० साली रिलेशनल मॉडेलवरचा पेपर लिहिला, १९८६ साली एसक्यूएलचं अमेरिकन स्टँडर्ड आलं, आणि तेव्हापासून आपण सगळे असं धरून चालतो की टेबल म्हणजे टेबल आणि सिलेक्ट म्हणजे सिलेक्ट. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत लिहितात म्हणून 'शिक्षा' या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे एकच आहे असं धरण्यासारखंच हे. लिपी तीच, शब्द तोच, पण एकीकडे मुलगा शाळेत जातो आणि दुसरीकडे तुरुंगात.

सगळ्यात साधं उदाहरण घ्या, रिकाम्या नावाचं. आपल्याकडे फॉर्मवर तीन रकाने असतात: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. बऱ्याच लोकांचा मधला रकाना कोराच असतो. ओरॅकलमध्ये तुम्ही कोरी स्ट्रिंग टाकली की तो तिला नल समजतो. 'इथे काही लिहिलं नाही' आणि 'इथे काय आहे ते माहीत नाही' यांत तो फरकच करत नाही. पोस्टग्रेस करतो. आता तीन नावं जोडून पूर्ण नाव बनवणारी क्वेरी दहा वर्षांपासून चालू आहे. ओरॅकलमध्ये जोडताना मध्ये नल आला तर तो गुपचूप वगळला जातो, दोन शब्दांमध्ये एक जागा जास्त सुटते इतकंच. पोस्टग्रेसमध्ये तीच क्वेरी, अक्षराचाही बदल न करता चालवली, तर नलला जोडलेलं सगळं नल होतं. म्हणजे ज्या माणसाचं मधलं नाव नाही, त्याचं पूर्ण नावच गायब. पत्र निघतं, "प्रिय" नंतर स्वल्पविराम, आणि मध्ये कोणीच नाही!

बरं, एरर काही येत नाही. एरर आली असती तर देवाची कृपा म्हटली असती.

पुढची गंमत याहून चिवट आहे. जुन्या सगळ्या ओळींमध्ये मधलं नाव नल म्हणून आलं. नवीन अॅप्लिकेशन मात्र कोरा रकाना कोरी स्ट्रिंग म्हणून साठवतं. एकाच कॉलममध्ये आता रिकामेपणाचे दोन प्रकार, त्या शनिवारच्या आधीचा आणि नंतरचा. "मधलं नाव नसलेले सगळे काढा" म्हटलं की कोणती क्वेरी लिहिली त्यावर निम्मेच येणार.

तारखांचंही तेच. ओरॅकलमधल्या 'डेट'मध्ये तारखेबरोबर तास, मिनिट, सेकंदही असतात. पोस्टग्रेसची 'डेट' म्हणजे फक्त तारीख. नाव सारखं बघून कोणी सरळ डेटला डेट जोडून टाकलं की वेळ उडाली. ओळी मोजा, बरोबर. रकमांची बेरीज करा, पैशापर्यंत बरोबर. पण एखाद्याने सकाळी दहा हजार भरले आणि दुपारी आठ हजार काढले, तर त्यातलं आधी काय झालं हे आता डेटाबेसला माहीत नाही. पासबुकात दुपारचा व्यवहार आधी छापला गेला तर शिल्लक मधेच उणे दिसणार. आणि मग काउंटरवर उभा असलेला तो गृहस्थ विचारणार, "मी कधी ओव्हरड्राफ्ट घेतला हो?" त्याला उत्तर देणारी व्यक्ती आमच्या प्रोजेक्ट टीममध्ये नसते. ती असते काउंटरच्या मागे.

म्हणूनच "रो काउंट मॅच झाला" या वाक्यावर मी जास्त विसंबत नाही. ते तपासायला हवंच, पण पोती मोजण्यासारखं आहे ते. पोती सगळी पोचली, आत गहू आहे की भुसा ते अजून कोणी उघडून पाहिलेलं नाही.

आता आपल्या भाषेच्या माणसांना जास्त जवळचा प्रकार. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं. चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे हं, काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे धरायचे. 'ज्ञानेश्वर' हे नाव मोजून बघा: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. दहा चिन्हं, तीस बाइट. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तीसच्या 'एनव्हारकॅर' कॉलममध्ये ते आरामात बसतं, वीस जागा उरतात. तोच आकडा बघून ओरॅकलमध्ये तीसचा 'व्हारकॅर-टू' बनवला, तर तिथे आपण वेगळं सांगितलं नाही तर तीस म्हणजे तीस बाइट. ज्ञानेश्वर काठोकाठ बसतो. लक्ष्मीनारायण तेरा चिन्हांचा, एकोणचाळीस बाइट, तो बाहेर. इंग्रजी नावांवर टेस्टिंग केलेलं असतं, त्यामुळे हे कळतं थेट शनिवारी रात्री. ओरॅकल निदान इमानदारीने एरर देतो. पण रात्री दोन वाजता ती एरर घालवायची सोपी युक्ती कोणती? कॉलम मोठा करायला डीबीएची परवानगी लागते, नाव कापायला कोणाचीच लागत नाही. सबस्ट्रिंग लावलं की एरर बंद. लक्ष्मीनारायणाचं पुढे काय होतं ते बघा: पहिली दहा चिन्हं म्हणजे 'लक्ष्मीनार'. आणि या कापलेल्या नावावर बिचाऱ्याने पॅन आणि आधार जुळवत फिरायचं.

एसक्यूएल सर्व्हरवर मराठी डेटा हाताळलेल्या प्रत्येकाने प्रश्नचिन्हंही पाहिलेली असतात. साध्या 'व्हारकॅर' कॉलममध्ये, किंवा अवतरणाआधी तो 'एन' न लावता देवनागरी टाकलं, की प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह साठवलं जातं. लोकांना वाटतं फॉन्टचा प्रॉब्लेम आहे, नवीन डेटाबेसमध्ये गेल्यावर नीट दिसेल. नाही दिसणार. तिथे खरोखरच प्रश्नचिन्हं साठवलेली आहेत, मूळ नाव कधीच मेलं. मायग्रेशन ती प्रश्नचिन्हं अत्यंत निष्ठेने, एकही न गाळता, नवीन घरी पोचवतं.

आणि ज्या शब्दाने या लेखाचं नाव संपलं, त्या 'बिऱ्हाड'चीही एक गंमत सांगतो. त्यातला तो डोळ्याच्या पापणीसारखा र दोन तऱ्हांनी साठवता येतो: नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे. डेटाबेसला मात्र ती दोन वेगळी गावं वाटू शकतात, त्यामुळे कऱ्हाडचे ग्राहक शोधले की एका कीबोर्डवाल्या क्लार्कने भरलेले येतात, दुसऱ्याने भरलेले येत नाहीत. जुन्या आणि नव्या डेटाबेसचे तुलनेचे नियम वेगळे असतील तर कालपर्यंत एक असलेली दोन नावं आज दोन होतात, किंवा उलट. इंग्रजीतही होतंच की. मायएसक्यूएल नेहमीच्या सेटिंगमध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करत नाही, पोस्टग्रेस करतो. युजरनेम मोठ्या अक्षरात टाइप करायची ज्याला सवय, तो सोमवारी सकाळी लॉगिन होत नाही. पासवर्ड तीनदा बदलून घेतो बिचारा.

मायएसक्यूएलवरून निघणाऱ्यांच्या माळ्यावर तर काय काय सापडतं! घर बदलताना माळा रिकामा करावा लागतो आणि मग आजोबांचा स्टोव्ह, तीन तुटक्या छत्र्या आणि कोणाचं तरी लग्नाचं आहेराचं पाकीट निघतं, तसं. २०१५ साली आलेल्या ५.७ आवृत्तीपर्यंत मायएसक्यूएलचा मूळ स्वभाव फार मनमिळाऊ होता. चाळीस अक्षरांचा पत्ता तीसच्या कॉलममध्ये टाका, तो तीस ठेवून घ्यायचा आणि हळूच एक वॉर्निंग द्यायचा, जी कोणी वाचत नसे. जन्मतारीख नाही दिली? शून्य-शून्य-शून्य अशी तारीख टाकून द्यायचा. २०१० च्या ५.५ आवृत्तीआधी टेबलं आपोआप मायआयसॅममध्ये बनत, आणि त्यात फॉरेन की लिहिली तर 'हो हो' म्हणून सोडून द्यायचा, पाळायचा नाही. त्यामुळे ग्राहकच नसलेली कर्जं आणि कर्जच नसलेले हप्ते वर्षानुवर्षं सुखाने नांदत असतात. पोस्टग्रेस कडक सासूबाईंसारखा दारातच अडवतो: ही तारीख कॅलेंडरमध्ये नाही, हा ग्राहक कुठाय, आधी ते दाखवा.

इथे खरा निर्णय घ्यावा लागतो आणि तो तांत्रिक नसतो. शून्य तारखेचं काय करायचं? कोणीतरी ऐटीत म्हणतो, "एक जानेवारी १९०० टाका." टाकली. आता व्याजाच्या रिपोर्टला ही सगळी मंडळी सव्वाशे वर्षांची दिसतात आणि ज्येष्ठ नागरिकांचा दर त्यांना लागतो. 'माहीत नाही' हे उत्तर 'चुकीचं माहीत आहे' यापेक्षा शंभर पटींनी बरं, पण स्क्रीनवर ते कोरं दिसतं आणि कोरं दिसलेलं साहेबांना आवडत नाही.

माझं स्पष्ट मत आहे: मायग्रेशन करता करता डेटा साफ करू नये. आधी करा, नंतर करा, पण त्याच वेळी नको. कारण मग जुनं आणि नवं यांत फरक दिसला की तो सुधारणेमुळे की घोळामुळे, हे कोणालाच सांगता येत नाही. घाण असेल तर ती जशीच्या तशी, खूण करून, वेगळ्या टेबलात न्या आणि तिचा मालक कोण ते लिहून ठेवा. मालक म्हणजे प्रोग्रामर नव्हे. एखादं कर्ज कोणाचं आहे हे बावीस वर्षांच्या पोराने रात्री दोन वाजता अपडेट स्टेटमेंट मारून ठरवायचं नसतं.

एका कामाच्या वेळचा किस्सा. ग्राहक एक पतपुरवठ्याचं काम करणारी संस्था, नाव सांगत नाही. खात्याच्या टेबलात 'स्थिती' नावाचा कॉलम. एक म्हणजे चालू, दोन म्हणजे बंद, तीन म्हणजे निष्क्रिय. पण काही ओळींमध्ये नऊ. कोणत्याही डॉक्युमेंटात नऊ नाही. ज्या कन्सल्टंटने मॅपिंग शीट बनवली होती त्याने 'नऊ म्हणजे बंद' असं लिहून पुढची ओळ घेतली होती. आम्ही तिथल्या हेडक्लार्क मॅडमना विचारलं, निवृत्तीला चारेक महिने राहिलेल्या. त्यांनी चष्मा वर करून आमच्याकडे बघितलं.

"अहो, नऊ म्हणजे माणूस गेलेला, पण वारसांचं मिटलेलं नाही. व्याज चालू ठेवायचं, पैसे सोडायचे नाहीत."

"मॅडम, पण हे कुठे लिहिलेलं नाहीये."

"लिहायचं कशाला? मीच तर टाकते ना ते."

बंद म्हणून नेली असती तर त्या खात्यांवरचं व्याज थांबलं असतं. ज्यांची ती खाती, ते तक्रार करायला येणार नव्हते. वारस आपसात भांडत होते, त्यांना कित्येक वर्षांनी रक्कम कमी दिसली असती आणि त्यांनी एकमेकांवरच संशय घेतला असता. कोणत्याही टूलच्या कोणत्याही रिपोर्टमध्ये हे लाल रंगात आलं नसतं. ओळी पूर्ण, एरर शून्य.

यावर मित्र म्हणतात, अरे पण मोठ्या कंपन्या हे सगळं नीट करतातच की. करतात? ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेचं बघा. लॉइड्सपासून वेगळी झालेली ही बँक २०१५ साली स्पेनच्या साबादेल बँकेने घेतली. तोवर ती लॉइड्सच्याच कॉम्प्युटर यंत्रणेवर चालत होती. एप्रिल २०१८ मधल्या एका विकेंडला पन्नास लाखांच्या आसपास ग्राहकांचा सगळा संसार साबादेलच्या नव्या यंत्रणेवर हलवला. नुसता डेटाबेस नव्हे, अख्खी बँकच उचलली. सोमवारपासून जो हलकल्लोळ झाला तो पूर्ण शमायला डिसेंबर उजाडला. लोकांना खात्यात शिरता येईना, काहींना दुसऱ्यांचे तपशील दिसले. सप्टेंबरमध्ये मुख्याधिकारी पॉल पेस्टर गेले. २०२२ च्या डिसेंबरात नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला, ग्राहकांना भरपाई दिली गेली ती ३ कोटी २७ लाख पौंडांची, वेगळी.

आणि यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की नियामकांच्याच म्हणण्याप्रमाणे डेटा व्यवस्थित पोचला होता! कोसळली ती त्या डेटावर उभी राहणारी यंत्रणा. नंतर वकिलांच्या फर्मने केलेल्या चौकशीत निघालं की सगळं बहुतांशी एकाच फटक्यात हलवायचं ठरवणं हीच मोठी जोखीम होती, आणि दोन डेटा सेंटरपैकी एकाचीच भाराची नीट चाचणी झाली होती. म्हणजे तिथेही कोणीतरी "रो काउंट मॅच झाला" म्हणून समाधानाने घरी गेलं असणार, असं आपलं मला वाटतं.

याउलट अॅमेझॉन. त्यांनी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं की आपल्या ग्राहकोपयोगी धंद्यातले सुमारे साडेसात हजार ओरॅकल डेटाबेस, एकूण ७५ पेटाबाइट डेटा, त्यांनी स्वतःच्या सेवांवर नेला. (त्यातला काही रिलेशनल नसलेल्या डेटाबेसमध्येही गेला, ते असो.) शंभरावर टीम, काही वर्षांचं काम. स्वतःच डेटाबेस विकणाऱ्या, पैशाला तोटा नसलेल्या कंपनीला काही वर्षं लागली आणि आमच्या एक्सेल शीटमध्ये एक शनिवार-रविवार!

मायग्रेशन करूच नये असं मी म्हणत नाहीये. लायसन्सचे आकडे मी पाहिलेत, ते बघून कोणालाही संन्यास घ्यावासा वाटेल. पण 'ओपन सोर्स म्हणजे फुकट' हे विकणारे पीएल-एसक्यूएलमध्ये लिहिलेल्या हजारो ओळींबद्दल गप्प असतात. पोस्टग्रेसमध्ये पॅकेज हा प्रकार नाही. ट्रान्झॅक्शनमध्ये एक स्टेटमेंट फसलं तर ओरॅकल फक्त तेवढं मागे घेतो आणि बाकीचं चालू ठेवतो, पोस्टग्रेस पूर्ण ट्रान्झॅक्शन रद्दबातल धरतो. जुन्या कोडने ज्या ज्या ठिकाणी 'एरर आली तर सोड आणि पुढे जा' असं केलंय, तिथे प्रत्येक ठिकाणी विचार करावा लागतो. अमुक डेटाबेस पवित्र आणि तमुक टाकाऊ असंही काही नाही. उबरने २०१६ साली पोस्टग्रेस सोडून मायएसक्यूएलकडे का गेलो यावर सविस्तर लिहिलं होतं, म्हणजे गाडी उलट दिशेनेही धावते. आपल्याकडे मात्र यावरून पुणे-मुंबईसारखी भांडणं होतात.

मला पाहिजे ते फार साधं आहे. त्या एक्सेल शीटमध्ये आणखी तीन ओळी. एक, ज्यांना डेटाचा अर्थ माहीत आहे अशा माणसांची नावं, आणि त्यांचे पंधरा दिवस. अॅप्लिकेशन समजणारे नव्हेत, काउंटरवर बसणारे. दुसरी, दोन्ही डेटाबेसवरून त्याच पाचशे माणसांची स्टेटमेंटं, पत्रं, पासबुकं काढून अक्षर न अक्षर ताडून बघणं. ओळी मोजून नव्हे, छापून. आणि त्या पाचशेत मुद्दाम विचित्र लोक घ्यायचे: मधलं नाव नसलेले, लक्ष्मीनारायण, २९ फेब्रुवारीला जन्मलेले, मेलेले. तिसरी ओळ, जुना डेटाबेस फक्त वाचण्यापुरता चालू ठेवायचा, निदान एक ३१ मार्च उलटेपर्यंत. वर्षअखेरीचे हिशोब वर्षातून एकदाच चालतात आणि त्यातली चूक ऑगस्टमधल्या कोणत्याही टेस्टिंगमध्ये सापडत नाही.

या तिसऱ्या ओळीवर नेहमी भांडण होतं, कारण लायसन्स संपायच्या तारखेवरच तर सगळा प्लॅन बेतलेला असतो. त्या पतसंस्थेने शेवटी जुना सर्व्हर एका कोपऱ्यात चालू ठेवला. नेटवर्कवरून काढून, एका जुन्या पीसीला जोडून. मॅडम तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या मुलाने मॉनिटरवर एक चिठ्ठी चिकटवली होती, 'बंद करू नये'. गेल्या वेळी गेलो तेव्हाही रांगेतली एक बाई काहीतरी विचारत होती आणि तो "थांबा हं, जुन्यात बघतो" म्हणत उठत होता.